मशेरी : दांतांचें मंजन कीं तंबाखूचें व्यसन ?

हल्लींच्या बुलढाणा जिल्ह्यांतील सिंदखेड राजा येथें १५९८ सालीं जिजाबाईंचा जन्म झाला, तेव्हां तंबाखू हा दक्षिणेंत नवखा पाहुणा होता. दांत घासण्याचीं येथील जुनीं साधनें वेगळीं : बाभळीची, कडुनिंबाची वा आघाड्याची काडी, मीठ, कोळसा, राख. चरकसंहितेंत तुरट, तिखट व कडू रसाच्या काडीनें दिवसांतून दोनदां दांत घासावे असें सांगितलें असून करंज, रुई, कण्हेर इत्यादि झाडांचीं नांवें दिलीं आहेत. तंबाखूचें नांव त्यांत नाहीं व असणें शक्यहि नव्हतें. कारण ती वनस्पति मूळची अमेरिकेंतील. पोर्तुगीजांबरोबर ती इकडे आली. १६०४-०५ च्या सुमारास असद बेगानें विजापुराहून आणलेली तंबाखू अकबरापुढें ठेविली, तेव्हां दरबारच्या हकिमानें हरकत घेतली. १६१७ सालीं जहांगिरानें मनाईहि केली. परंतु हुकूम विसरला गेला आणि तंबाखू राहिली.

पुढें ती महाराष्ट्रांतील चुलीपर्यंत पोहोंचली. पानें तव्यावर काळीं होईपर्यंत भाजावयाचीं, त्यांची पूड करावयाची व ती बोटानें हिरड्यांस चोळावयाची. हीच मशेरी अथवा मिश्री. तिनें दांत बळकट होतात, दुखणें थांबतें, अशी समजूत पडली. वस्तुतः निकोटिनानें घटकाभर तरतरी येते. दांतांचा रोग तेथेंच राहतो आणि संवय मात्र जडते. प्रथम सकाळीं, मग जेवणानंतर, मग कामास हात घालण्यापूर्वीं, असा तिचा फेरा वाढत जातो.

या संवयीची किंमत केवळ घासणाराच देतो असें नव्हे. मुंबईंतील १,२१७ गर्भवती स्त्रियांची पाहणी २००४ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांतील तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक स्त्रिया मशेरीच लावीत. त्यांच्या बाळांचें वजन सरासरीनें १०५ ग्रॅम कमी भरलें, व अपुऱ्या दिवसांचीं बाळंतपणेंहि अधिक आढळलीं. धूर न काढतां वापरलेल्या तंबाखूनेंहि तोंडाचा कर्करोग होतो, हें तर आतां निर्विवाद ठरलें आहे.

केंद्र सरकारनें ३० एप्रिल १९९२ रोजीं दंतमंजनांत व टूथपेस्टमध्यें तंबाखू घालण्यास बंदी केली. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती कायम ठेविली. बाजारांतील डबीस हा कायदा लागू पडला. घरच्या तव्यास तो कसा लागू पडावा? तेथें निवाडा घरांतील जाणत्या माणसांनींच करावयाचा आहे.

त्यासाठीं कसोटी सोपी आहे. दांत घासून झाले कीं बाभळीची काडी फेकून देतां येत असे. तिची आठवण दुसऱ्या सकाळींच होई. मशेरीची डबी मात्र दिवसभर कनवटीस राहते. जें मंजन असें हातचें सुटत नाहीं, तें दांतांसाठीं नव्हे, संवयीसाठीं लावलें जात असतें.