बुडालेल्या अरण्यातील गांडूळ

मासेमारीच्या साधनांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने संग्रहालयांतील गळ आणि दप्तरखान्यांतील पेटंटे यांचा धांडोळा घेण्यापूर्वी, ती साधने ज्या पाण्यात वापरली गेली त्या पाण्याच्या तळाशी काय पडलेले आहे याची चौकशी करावी, असे माझे मत आहे. आणि अमेरिकेच्या दक्षिण मुलखात बॅस या गोड्या पाण्यातील रुंद जबड्याच्या माशासाठी वापरल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या गांडुळाची हकीकत या मताला उत्तम दाखला पुरविते.

या गांडुळाचा जन्म मात्र दक्षिणेत झाला नाही. ओहायो राज्यातील ॲक्रन हे शहर त्या काळी रबराच्या कारखानदारीचे माहेरघर होते, आणि तेथील गुडरिच कंपनीत वॉल्डो सेमन या रसायनशास्त्रज्ञाने पॉलिव्हिनिल क्लोराइड हा मूळचा ताठर पदार्थ रबरासारखा लवचीक करण्याची रीत १९२६ साली शोधून काढली होती. त्याच शहरातील निक क्रीम नावाच्या यंत्रकारागिराने, पत्नी कॉस्मा हिच्या साह्याने, १९४९ साली घरच्या स्वयंपाकघरात हे द्रव्य शिजवून खऱ्या गांडुळावरून घेतलेल्या साच्यात ओतले. आणि १९५१ पासून हे दांपत्य टपालाने, एका डॉलरला पाच या दराने, आपला माल विकू लागले. पूर्वीची रबरी गांडुळे पाण्यात काठीसारखी ताठ राहत. हे नवे गांडूळ केवळ प्रवाहाच्या स्पर्शाने वळवळे. परंतु क्रीम यांनी त्याला जे गळ जोडले ते उघडे होते, मणी आणि लहानसा पंखा यांनी सजलेले होते, आणि ओहायोच्या मोकळ्या पाण्यात त्यात कोणाला काही वावगे दिसले नाही.

टेक्सासमध्ये दिसले. त्या प्रांतात मोठी नैसर्गिक सरोवरे जवळजवळ नाहीतच. जी जलसंपत्ती आहे ती बहुतेक विसाव्या शतकात नद्या अडवून निर्माण केलेली आहे. १९६५ मध्ये पूर्ण झालेला सॅम रेबर्न जलाशय, किंवा त्याच दशकात सबाइन नदीवर लुइझियानाच्या सीमेवर बांधलेला टोलेडो बेंड, यांचे पाणी चढले ते पाइन व ओक वृक्षांच्या अरण्यांवर. आणि सगळे वृक्ष तोडून नेण्याची तजवीज झाली नसल्यामुळे फार मोठ्या क्षेत्रावर ते पाण्यातच उभे राहिले. बॅस हा सावलीत दबा धरून बसणारा, जवळून गेलेले भक्ष्य जबडा एकदम उघडून पाण्यासकट ओढून घेणारा मासा असल्यामुळे, त्याला हे बुडालेले अरण्य म्हणजे दरबारातून मिळालेली जहागीरच वाटली. आणि मासेमाराला मात्र त्याच अरण्यात आपला उघडा गळ प्रत्येक फेकीला फांदीत गमवावा लागू लागला.

टेक्सास रिग या नावाने जी पद्धत पुढे जगभर गेली, ती या अडचणीतून निघाली. तीत बंदुकीच्या गोळीसारखे निमुळते, मधून भोक पाडलेले शिसे दोरीवर मोकळे सरकते ठेवतात. गळाचे टोक गांडुळाच्या डोक्यातून अल्पसे आत घालून बाहेर काढतात, मग गळ फिरवून तेच टोक पुन्हा गांडुळाच्या अंगात रुतवून लपवितात, आणि हे करताना गांडूळ सरळ राहील याची दक्षता घेतात, कारण वाकडे बसलेले गांडूळ ओढताना फिरते आणि दोरीला पीळ पडतो. असे लपलेले टोक फांदीला अडकत नाही, निमुळते शिसे डहाळ्यांच्या बेचक्यांतून वाट काढते, आणि गांडूळ एका फांदीवर चढून पलीकडे घसरते. मासा बहुधा या घसरण्याच्या क्षणीच घेतो. त्याची खूण म्हणजे दोरीतून बोटांपर्यंत आलेला एक हलका ठोका, किंवा तोही नव्हे, नुसते दोरीचे बाजूला सरकणे. तेव्हा काठीचे टोक खाली करून सैल पडलेली दोरी गुंडाळायची आणि मग सर्व बळानिशी झटका द्यायचा, कारण गळाला माशाच्या तोंडापूर्वी गांडुळाचे अंग भेदायचे असते. ताठ कण्याच्या काठ्या या एका झटक्यापायी आवश्यक झाल्या. क्रीम यांचा कारखानाही कालांतराने टेक्सासमधील टायलर या गावी आला, यात मला काही योगायोग वाटत नाही.

व्यापाराने मग आपले रंग भरले. अलाबामातील युफॉला येथील टॉम मान यांनी आपल्या ‘जेली वर्म’ला फळांचे वास लावले, ते माशासाठी होते की गिऱ्हाइकासाठी, याविषयी शंका घेण्यास जागा आहे.  रे स्कॉट यांनी १९६७ मध्ये आर्कान्सातील बीव्हर सरोवरावर बक्षिसांची स्पर्धा भरविली आणि पुढच्याच वर्षी मासेमारांची संघटना स्थापिली, तेव्हापासून गुपिते फार दिवस गुपिते राहिली नाहीत. उदाहरणार्थ, कॅरोलिना रिग या दुसऱ्या पद्धतीत शिसे गांडुळापासून हातभर पुढे ठेवतात, म्हणजे शिसे तळाला घासते आणि गांडूळ मागून तरंगत येते. जॅक चॅन्सेलर यांनी त्या संघटनेची १९८५ सालची अजिंक्यपदाची स्पर्धा असेच मागे तरंगणारे गांडूळ वापरून आर्कान्सा नदीवर जिंकली, आणि ती रीत घरोघर पोहोचली.

एक गोष्ट मात्र नोंदण्याजोगी आहे. जॉर्ज पेरी यांनी १९३२ साली जॉर्जियात पकडलेला २२ पौंड ४ औंसांचा बॅस आणि त्याची बरोबरी करणारा, २००९ साली मानाबू कुरिता यांना जपानच्या बिवा सरोवरात मिळालेला बॅस, हे विश्वविक्रमाचे दोन्ही मासे प्लॅस्टिकच्या गांडुळाला लागलेले नाहीत. पेरी यांच्या वेळी ते अस्तित्वातच नव्हते, आणि कुरिता यांनी जिवंत मासळी लावली होती. पेरी यांचे पाणी म्हणजे नदीने पात्र बदलताना मागे टाकलेले एक वळण होते आणि बिवा हे अतिप्राचीन नैसर्गिक सरोवर आहे. त्यांपैकी कोणतेही धरणाने अरण्य बुडवून निर्माण झालेले नाही.