सेपिचच्या हेडमास्तरांचा खटला

रशियात, उरल पर्वताच्या पश्चिमेला, पेर्म प्रांतात सेपिच नावाचं खेडं आहे. तिथल्या शाळेतल्या १२ संगणकांवर विनापरवाना विंडोज सापडलं आणि मुख्याध्यापक अलेक्सांद्र पोनोसोव्ह आरोपी झाले. नुकसानीचा आकडा सुमारे २,६६,००० रुबल! यंत्रं आली तीच सगळं भरून, असं त्यांचं म्हणणं.

मी कवी. माझी कविता कुणी न विचारता छापली, तर मलाही राग येतो. तेव्हा कंपनीचा हक्क मला मान्य आहे. पण पुरवठादार सोडून मास्तरांना धरायचं? गोर्बाचेव्ह यांनी बिल गेट्सना जाहीर पत्र लिहून रदबदली केली. कंपनी म्हणाली, खटला सरकारी वकिलांचा, आमचा नव्हे.

फेब्रुवारी २००७मध्ये कोर्टाने प्रकरण क्षुल्लक ठरवून मिटवलं. सरकारी वकील अपिलात गेले, आणि गंमत म्हणजे पोनोसोव्हही! त्यांना सुटका नको, निर्दोषत्व हवं होतं. मे महिन्यात उलट ५,००० रुबल दंड झाला. निर्दोषत्व मिळालं ते डिसेंबर २००८मध्ये.

त्याच वर्षी पेर्म, तोम्स्क आणि तातारस्तानमधल्या शाळांत लिनक्सचा सरकारी प्रयोग सुरू झाला. ती प्रणाली शेजारच्या शाळेला उतरवून द्यायला तिचा परवानाच मुभा देतो.