स्वस्त बंदुकीचा भरवसा

आमच्याकडे घोडनदीला (म्हणजे शिरूर, पण गावात कुणी शिरूर म्हणत नाही) पेपरच्या आतल्या पानावर एक चौकट ठरलेली असते. अमुक गावच्या तरुणाकडून गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसे जप्त. कधी शिरूर, कधी दौंड, कधी खेड. तालुका बदलतो, मजकूर तोच. काडतुसं नेहमी जिवंतच का असतात हा प्रश्न मला लहानपणापासून आहे. मेलेली कुणी जप्त करत नाही बहुधा :)

परवा ऑफिसच्या कँटीनमध्ये यावरून विषय निघाला. टीममधल्या एकाने विचारलं, "इतक्या स्वस्तात मिळणारी बंदूक चालते तरी का रे?" कुणाकडेच उत्तर नव्हतं, पण मत मात्र प्रत्येकाकडे होतं. माझ्या डोक्यात प्रश्न जरा वेगळ्या वाटेने गेला. स्वस्त बंदुकीवर भरवसा ठेवता येतो का, याचा हिशोब आमच्याच गावात दोनशे वर्षांपूर्वी मांडून झालाय. तो हिशोब मला नीट लिहून काढायचा होता, म्हणून हा शनिवार त्यात घातला.

तर मंडळी, थोडं मागे जाऊ. १८०२ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह केला आणि पेशव्यांच्या मुलखात कंपनीची तैनाती फौज आली. तिची एक मोठी छावणी शिरूरला पडली. आज गावातून फिरताना हे कळतसुद्धा नाही. कर्नल विल्यम वॉलेसची कबर तेवढी आहे. तो १८०९ मध्ये इथेच वारला, आणि नंतर आसपासच्या लोकांनी या गोऱ्या साहेबाला 'सत्पुरुष' करून टाकलं, नवस-नैवेद्यासकट. (आपल्या लोकांचं खरंच कौतुक वाटतं.) या छावणीतल्या शिपायांच्या खांद्यावर जी बंदूक होती, ती आजची आपली नायिका.

इंग्रज तिला लाडाने 'ब्राऊन बेस' म्हणत. त्यातला जो प्रकार आपल्याकडे आला त्याचं नावच 'इंडिया पॅटर्न'. ईस्ट इंडिया कंपनी हा शेवटी धंदा होता, आणि धंदा म्हटलं की कॉस्ट कटिंग आलंच. सरकारी लष्कराच्या बंदुकीची नळी ४२ इंचाची, कंपनीने ती ३९ वर आणली. नळीखाली ठासणीचा गज अडकवायला चार नळकांडी असायची, कंपनीने तीन केली. पितळी साज कमी केला. थोडक्यात, जे काढल्याने बंदूक चालायची थांबत नाही ते सगळं काढलं. आमच्या भाषेत सांगायचं तर मिनिमम व्हायेबल प्रॉडक्ट.

गंमत पुढे आहे. फ्रान्सशी युद्ध पेटलं तेव्हा ब्रिटिश सरकारला बंदुका कमी पडायला लागल्या. सरकारने कंपनीच्या गोदामातला माल उचलला, आणि १७९७ मध्ये चक्क हाच स्वस्त नमुना स्वतःच्या लष्करासाठी स्वीकारला. नेपोलियनशी वॉटर्लूला लढलेल्या इंग्रज पायदळाच्या हातात बहुतांशी हिंदुस्थानासाठी बनवलेली काटकसरीची बंदूक होती! शाळेत हे कुणी सांगितलं नाही.

पण ती होती कशी? स्पष्ट सांगायचं तर यथातथाच. नळीचा व्यास पाऊण इंच, म्हणजे १९ मिलिमीटर, आणि गोळी साधारण साडेसतरा मिलिमीटरची. म्हणजे गोळी नळीत चक्क सैल. मुद्दाम तसं, कारण दारूची काजळी साचल्यावर घट्ट गोळी ठासताच आली नसती. परिणाम असा की गोळी नळीच्या कडांवर आपटत बाहेर पडणार आणि शेवटी ज्या बाजूला आपटली असेल त्याच्या उलट दिशेला जाणार. शंभर यार्डांपलीकडे नेम धरण्यात फारसा अर्थ नव्हता. सरावलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढायचा: काडतुसाचा कागद दातांनी फाडा, थोडी दारू कानावर टाका, उरलेली नळीत, मग गोळी, मग गज.

आणि मग चाप ओढला तरी बार उडेलच असं नाही. चकमकीची गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडणार, ती कानातल्या दारूला लागणार, तिथून आग भोकातून आत जाणार. यातलं कुठलंही एक पाऊल चुकू शकतं. १८३४ मध्ये वुलिचला चकमकीच्या आणि नव्या टोपीच्या बंदुकांची चाचणी झाली. प्रत्येकी ६००० बार. टोपीची बंदूक ३६ वेळा फुसकी निघाली. चकमकीची ९२२ वेळा.

९२२! म्हणजे साधारण साडेपंधरा टक्के. माझ्या सर्व्हिसने दर सहा-सात रिक्वेस्टमागे एक टाकली तर सोमवारी सकाळी मला कॉन्फरन्स रूममध्ये उभं करतील.

मग अशा बंदुकीवर कंपनीने हा देश कसा घेतला?

याचं उत्तर मला आमच्या धंद्यातूनच सुचलं. २००३ मध्ये गुगलच्या इंजिनिअरांनी एक पेपर छापला होता. त्यांचं सर्च कुठल्या महागड्या सर्व्हरवर चालत नव्हतं. १५,००० हून जास्त साध्या, बाजारात मिळणाऱ्या पीसींवर चालत होतं. मशीन बंद पडणारच हे गृहीत धरायचं आणि भरवसा मशीनमध्ये न ठेवता रचनेत ठेवायचा. पलटणीचंही तेच. साठ जणांनी एकदम बार काढला, नऊ फुसके गेले, तरी ५१ गोळ्या सुटल्याच. समोरच्याला त्या नऊंचा पत्ताही लागत नाही. एकाच बंदुकीने लागोपाठ दोनदा दगा देण्याची शक्यता शंभरात दोन-अडीच. अर्थात प्रत्येक दगा स्वतंत्र धरला तर. तसा तो नसतो, कारण झिजलेली गारगोटी बदलेपर्यंत पुन्हापुन्हा दगा देते. आणि पाऊस आला की सगळ्यांचीच दारू एकदम भिजते. १७५७ ला प्लासीला नवाबाची दारू अशीच भिजली, इंग्रजांनी मात्र आपली ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती. म्हणजे बॅकअप प्लॅनसुद्धा बंदुकीत नव्हता, ताडपत्रीत होता.

इथे कुणी म्हणेल, आपल्या लोकांकडे जुनाट तोड्याच्या बंदुका होत्या म्हणून आपण हरलो. अर्धवट खरं आहे. महादजी शिंद्यांनी द बॉयनच्या हाताखाली पलटणी उभ्या केल्या तेव्हा आग्र्याला सँगस्टर नावाचा एक स्कॉटिश कारागीर त्यांच्यासाठी तोफा आणि बंदुका करायचा. त्या काळच्या युरोपियन शिलेदारांवर हर्बर्ट कॉम्प्टनचं पुस्तक आहे, त्यात किंमतही दिलीय: बंदुकीला दहा रुपये. म्हणजे स्वस्त आणि कामाची बंदूक आपल्याकडेही होत होती. नव्हतं ते तिच्या भोवतीचं. १८०३ मध्ये कंपनीशी लढाई जुंपली तेव्हा शिंद्यांचे कितीतरी युरोपियन अधिकारी ऐन वेळी नोकरी सोडून गेले. उलट कंपनीची प्रत्येक नळी जादा दारू भरून उडवून बघितलेली, पास झाली की शिक्का. गारगोट्या वीस-तीस बारांनंतर बदलायला हाताशी. कवायत रोज एकच. आणि सगळ्यात मोठं म्हणजे पगार. मराठी फौजांमध्ये पगार थकणं आणि त्यापायी शिपायांनी सरदाराच्या दारात धरणं धरून बसणं ही नित्याची गोष्ट होती. माझ्या मते हा पगाराचा मुद्दा बंदुकीच्या मुद्द्याहून मोठा आहे, पण तो पुन्हा कधीतरी.

आता शिरूरकडे परत. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री साडेआठला कॅप्टन स्टाँटन शिरूरच्या छावणीतून पुण्याकडे निघाला. बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन, सुमारे ५०० शिपाई. शिवाय तीनशेच्या आसपास स्वार, दोन तोफा आणि २४ गोरे गोलंदाज. रात्रभर पंचवीसहून जास्त मैल चालून सकाळी कोरेगावला भीमेकाठी पोचले, तर पलीकडे पेशव्यांची फौज, वीस हजारांवर घोडदळ आणि सुमारे आठ हजार पायदळ. त्यातले प्रत्यक्ष गावात घुसून लढले ते अरब, गोसावी आणि कवायती पायदळ मिळून दोनेक हजार.

१ जानेवारीच्या त्या दिवसाचा अर्थ काय, यावर खूप लिहिलं गेलंय आणि खूप भांडलं गेलंय. मी इथे बंदुकीपुरता बोलतोय. आणि बंदुकीपुरतं बोलायचं तर कोरेगावात माझा वरचा सगळा हिशोब कोसळतो.

कारण साठ जणांची रांग मैदानात उभी राहते, गल्लीत नाही. गावकुसाच्या आत, घराघरांतून, दुपारभर, पाण्याविना लढाई चालली. तिथे एका भिंतीआड एक माणूस आणि समोर दुसरा. तिथे साडेपंधरा टक्के हा आकडा सरासरी राहत नाही, तो त्या एकट्याचा असतो. चाप ओढला, ठिणगी पडली, बार उडाला नाही. मग? मग संगीन. १७ इंचांची संगीन हाच त्या बंदुकीचा खरा भरवशाचा भाग. आणि तीही नसेल तर दस्ता. लेफ्टनंट पॅटिन्सनची हकीकत ग्रँट डफने दिलीय. गडी सहा फूट सात इंच उंच. आधीच गोळी लागलेली. अरबांनी एक तोफ काबीज केली तेव्हा हा उठला, बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने हाणत तोफेपर्यंत गेला. दुसरी गोळी लागेपर्यंत. तोफ परत मिळाली, पॅटिन्सन पुढे शिरूरला मेला. त्या दिवशी त्याच्या हातातल्या बंदुकीचा उपयोग काय झाला, तर सोटा म्हणून.

रात्री नऊच्या सुमारास लढाई थांबली. पेशव्यांची फौज मागे सरली आणि निघून गेली, कारण जनरल स्मिथ मागावर होता. स्टाँटन पुण्याला न जाता उरलेल्यांना घेऊन ३ जानेवारीला शिरूरला परतला. ८३४ पैकी २७५ ठार, जखमी किंवा बेपत्ता.

स्तंभावर कंपनीच्या ४९ मृत शिपायांची नावं आहेत. त्यातली २२ 'नाक' या प्रत्ययाची, म्हणजे महार शिपायांची. मी मागच्या वर्षी फेब्रुवारीत, गर्दी नसताना, बाईक थांबवून ती वाचत उभा होतो. वाचताना तो गुगलचा पेपर आठवला आणि जरा अस्वस्थ वाटलं. 'एखादा बंद पडला तरी चालेल अशी रचना' हे वाक्य पीसीबद्दल असतं तेव्हा किती हुशार वाटतं. आमच्याकडे माणसांना 'रिसोर्स' म्हणतात, आणि एक रिसोर्स गेला की पंधरा दिवसांत दुसरा लावतात. डिलिव्हरी थांबत नाही. मागच्या छाटणीत आमच्या फ्लोअरवरचे सात जण एका दुपारी गेले, सोमवारी डॅशबोर्ड हिरवाच होता.

कंपनीने तरी या माणसांची नावं दगडात कोरली. पुढच्या सरकारने १८९० च्या दशकात 'लढाऊ जमाती'चं खूळ डोक्यात घेऊन महारांची लष्करातली भरतीच बंद केली. बंदूक जुनी झाली म्हणून बदलतात, इथे माणूसच यादीतून काढला. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब स्तंभाशी आले, ते स्वतः सुभेदाराचे चिरंजीव. त्या भेटीकडे मी या बाजूनेही बघतो.

असो. कँटीनमधल्या प्रश्नाकडे येतो. गावठी कट्टा चालतो का? माझं उत्तर: ब्राऊन बेसला जे जे मागे उभं होतं त्यातलं कट्ट्याच्या मागे काहीच नाही. ना जादा दारूची चाचणी, ना शिक्का, ना कवायत, ना शेजारचे ५९ जण. मध्य प्रदेशाच्या हद्दीवर उमर्टीसारख्या गावांत सिकलीगर कारागीर तो बनवतात. हात कुशल आहेत, पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत, पण नळी कुठल्या लोखंडाची हे घेणाऱ्याला कळायचा मार्ग नाही. ती समोरच्यावर फुटेल की स्वतःच्या पंजात, हे पहिल्या बारालाच कळणार. दुसऱ्या टोकाला २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर काढलं, खास बायकांसाठी म्हणून, किंमत १,२२,३६० रुपये. तेव्हा बऱ्याच मैत्रिणी म्हणाल्या होत्या की एवढ्या पैशात स्कूटर येते, तीच घेऊन पळून जाऊ. हिशोब चुकीचा नव्हता.

आणि कट्टा बाळगणारी ती पोरं? पेपरातली वयं बघा, एकोणीस, बावीस, चोवीस. बहुतेकांनी तो कधी उडवलेलाही नसावा असं मला वाटतं. कमरेला लावून फोटो काढायला घेतलेला. म्हणजे त्यांच्यापुरता तो शंभर टक्के चालतो, आणि तुरुंगातही शंभर टक्के नेतो.

रविवारी मामाकडे दौंडला गेलो. कोरेगावची हीच भीमा पुढे दौंडला जाते. मामा तिथल्या राज्य राखीव दलातून रिटायर झालाय, सगळी नोकरी थ्री-नॉट-थ्रीवर गेली. त्याला ९२२ चा आकडा सांगितला. त्याला तो अजिबात धक्कादायक वाटला नाही. म्हणाला, "बंदूक कुणाची आहे त्यावर असतं." मी म्हटलं, म्हणजे कुठल्या कंपनीची?

"कंपनी कसली घेऊन बसलास. साफ कोण करतं ते. नळीत चिंधी फिरवली का रोज? मी दुसऱ्याची बंदूक कधी घेतली नाही ड्युटीला."

मग त्याने न विचारता स्वतःच्या रायफलीचा बट नंबर सांगितला. सतरा वर्षं झाली ती जमा करून. मामी आतून म्हणाली, "माझ्या वाढदिवसाची तारीख विचार त्यांना."