एका यकृतविकाराचे नामकरण

बऱ्हाणपुरात मद्याने दोन मोगल राजपुत्रांचा बळी घेतला. १६०५ च्या सुमारास अकबराचा पुत्र दानियाल आणि १६२६ मध्ये जहांगीरचा पुत्र परवीझ, दोघेही तापीकाठच्या या शहरी अतिपानाने मरण पावले. दानियालभोवती त्याचे श्वशुर अब्दुर्रहीम खानखानान यांनी पहारा बसविला होता. तेव्हा बंदुकीच्या नळीत मद्य भरून ते राजपुत्राकडे पोहोचविण्यात आले, असे जहांगीरने आत्मवृत्तात नमूद केले आहे. नळीतील गंज आणि बारुदाचा अंश त्यात उतरला. मराठीतील ‘दारू’ या शब्दाचे दोन्ही अर्थ त्या एका नळीत एकत्र आले म्हणावयाचे! राजपुत्राचे कोणते इंद्रिय आधी निकामी झाले, हे मात्र जहांगीर लिहीत नाही.

मद्यपी माणसाच्या यकृतात मेद साचतो, हे लंडनच्या गाइज रुग्णालयातील टॉमस ॲडिसन याने १८३६ मध्ये नोंदविले. निरीक्षण खरे होते. परंतु त्याची छाया फार लांबवर पडली. यकृतात मेद आढळला की वैद्याची पहिली शंका पेल्यावर जाई. रुग्णाने नकार दिला तर तो काही लपवीत असावा, असा ग्रह होई. आयुष्यात मद्याला न शिवलेल्या एखाद्या सोवळ्या वृद्धेला हा प्रश्न ऐकावा लागला, तर तिला काय वाटत असेल? लठ्ठ व मधुमेही रुग्णांतही असाच विकार आढळतो, अशा नोंदी मधूनमधून होत होत्या. पण त्याला स्वतःचे नाव नव्हते.

ते नाव १९८० मध्ये मिळाले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग यांनी २० रुग्णांच्या यकृताचे नमुने अभ्यासले आणि या दाहाला ‘नॉन-अल्कोहोलिक’ असे विशेषण दिले. निर्दोषांची सुटका झाली खरी. परंतु रोग कशाने झालेला नाही एवढेच ते नाव सांगे, कशाने झाला ते सांगत नसे.

त्याचे उत्तर शोधताना पुण्याचा एक दाखला उपयोगी पडतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा देहभारांक एकच, २२.३, परंतु शरीरातील मेद याज्ञिकांचा २१.२ टक्के, तर युडकिन यांचा ९.१ टक्के! ‘लॅन्सेट’मध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेली ही तुलना सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाने विसरू नये.

२०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी जुने नाव सोडून चयापचयाच्या बिघाडाशी निगडित असे नवे नाव स्वीकारले. आता यकृतातील मेदाबरोबर वजन वा कंबरेचा घेर, रक्तातील साखर, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड्स आणि हितकारक कोलेस्टेरॉल या पाचांपैकी एक तरी दोष शोधावा लागतो. मद्याविषयीचा प्रश्न गेलेला नाही. तो केवळ एकमेव राहिला नाही.

निदानातील खरी अडचण निराळी आहे. हा विकार बहुधा दुखत नाही. रक्तातील यकृताची एन्झाइमे प्रकृत असूनही तो असू शकतो. सोनोग्राफीत थोडा मेद निसटतो. शिवाय मेदापेक्षा त्यामागून येणारे काठिण्य अधिक घातक. त्याचा पहिला अंदाज रुग्णाचे वय, दोन एन्झाइमे आणि प्लेटलेटची संख्या एवढ्यावर बांधता येतो. हा हिशेब बऱ्हाणपूरसारख्या जिल्ह्याच्या गावीही होऊ शकतो; इलॅस्टोग्राफीसाठी मोठ्या शहरी कोणाला धाडावयाचे, ते त्यावरून ठरते.