केडगावचा धीर

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव नावाचे स्थानक आहे. घोड व भीमा या नद्यांच्या परिसरातील शिरूर-दौंडचा हा मुलूख अवर्षणाचा. पावसाची वाट पाहणे येथील माणसाच्या जन्मालाच पुजलेले. अशा भूमीत ख्रिस्ती श्रद्धेची कसोटी कशी लागली आणि ती कशाच्या बळावर टिकली, हे आज आपणापुढे मांडावयाचे आहे.

पंडिता रमाबाईंनी दुष्काळ पुस्तकांतून जाणला नव्हता. वयाच्या सोळाव्या वर्षाच्या सुमारास अन्नान्नदशेत त्यांचे आईवडील व थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेली. 1880 मध्ये भाऊ आणि 1882 मध्ये पती निवर्तले. पुढे 1883 साली इंग्लंडातील वाँटेज येथे त्यांनी कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. परंतु तेवढ्याने चित्ताचे समाधान झाले नाही. आपणास धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता, हे आठ वर्षांनंतर उमगले, अशी कबुली त्यांनीच आत्मनिवेदनात दिली आहे. त्यांची पहिली प्रतीक्षा ही अशी अंतरीची होती.

दुसरी प्रतीक्षा बाहेरच्या जगाने लादली. 1889 मध्ये मुंबईस स्थापन झालेले शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्यास आले. विधवांना धर्मांतराकडे वळविले जाते, या आक्षेपावरून 1893 साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृती सल्लागारांनी संबंध तोडला व अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. अमेरिकेतील हितचिंतकांनी साहाय्याचे वचन दिले होते, तेही दहाच वर्षांचे. ती मुदत संपल्यावर काय, या विचाराने बाईंनी केडगावी शेतजमीन घेतली, विहिरी खोदविल्या, फळझाडे लावली. देवावर भार टाकला म्हणून उद्याची तजवीज करू नये, असे त्यांनी मानले नाही.

ही दूरदृष्टी लवकरच कामी आली. 1896-97 च्या दुष्काळात मध्यप्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने त्यांना केडगावच्या माळावरच आश्रय मिळाला. हेच मुक्ति सदन होय. 1899-1900 च्या भीषण दुष्काळात गुजराथेकडील अनाथ मुलीही आल्या आणि आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. इकडे घोडनदीकाठच्या शिरूरलाही अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते व तेथे मुलांना धंदेशिक्षण दिले जाई. प्रार्थनेच्या जोडीला हाताला काम हवे, हा धडा दोन्ही ठिकाणी सारखाच होता.

1905 च्या जानेवारीत मुक्ति सदनातील मुलींनी आध्यात्मिक जागृतीसाठी नित्य प्रार्थनेस आरंभ केला. पहिल्या महिन्यांत विशेष असे काही घडले नाही. तरी प्रार्थना खंडली नाही. जूनअखेरीस जी जागृती झाली, तिची वार्ता दूरदेशी पोहोचली. परंतु मला त्या गाजलेल्या दिवसांहून आधीचे मुके महिने अधिक मोलाचे वाटतात. श्रद्धेची खरी परीक्षा उत्तर येईपर्यंतच्या काळात होते.

याच सुमारास बाईंनी सर्वांत दीर्घ काम हाती घेतले. अल्पशिक्षित स्त्रीसही समजेल अशा सोप्या मराठीत त्यांना सबंध बायबल उतरावयाचे होते. त्यासाठी उतारवयात त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. खिळे जुळविणे, छापणे ही कामे मुक्ति सदनातील स्त्रियांनीच केली. 1921 मध्ये मनोरमाबाई वारल्या. जिच्या हाती सारा पसारा सोपवावयाचा, ती एकुलती एक कन्या आधी गेली. तरी मुद्रिते तपासणे थांबले नाही. ते संपत आले आणि 5 एप्रिल 1922 रोजी बाईंनी देह ठेवला. संपूर्ण ग्रंथ 1924 मध्ये प्रसिद्ध झाला. तो पाहण्यास त्या राहिल्या नाहीत.

रमाबाईंचा धर्म सर्वांना मान्य असेल असे नव्हे. परंतु धीर धरणे म्हणजे हात बांधून बसणे नव्हे, हे त्यांच्या चरित्रावरून कोणासही पटावे. पाऊस लांबला म्हणून शेतकरी नांगर मोडून टाकीत नाही. तो फाळ शेवटून ठेवतो. केडगावचे मुक्ति मिशन आजही कार्य करीत आहे, ते अशाच फाळ शेवटणाऱ्या श्रद्धेचे फळ होय.