विद्यार्थी खेड्यात, शिक्षक शहरात

भारतातील वैद्यकीय शिक्षणाचा इतिहास समित्यांच्या अहवालांतून वाचत गेले, तर एक निश्चय पुन्हा पुन्हा भेटतो : भावी डॉक्टरला खेडे दाखवले पाहिजे. 1946 पासून जवळजवळ प्रत्येक पिढीने तो नव्याने केला. विद्यार्थ्याने खेड्यात किती आठवडे काढावेत, यावर पुष्कळ काथ्याकूट झाला. त्या मुक्कामात रुग्णापाशी बसून त्याला वैद्यकी शिकवणार कोण, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. या लेखात त्याच प्रश्नाचा माग घ्यायचा आहे.

स्वातंत्र्यापूर्वी आपल्याकडे दोन प्रकारचे डॉक्टर तयार होत. विद्यापीठाचे पदवीधर महाविद्यालयांतून येत, एल.सी.पी.एस. किंवा एल.एम.पी. ही पदविका घेतलेले वैद्यकीय शाळांतून. पुण्याची बैरामजी जीजीभॉय मेडिकल स्कूल आणि नागपूरची रॉबर्टसन मेडिकल स्कूल या आपल्याकडच्या दोन प्रमुख शाळा. 1940 च्या दशकाच्या आरंभी देशातील नोंदणीकृत डॉक्टरांत दर पाचांमागे तीन पदविकाधारक होते. तालुक्याच्या गावी दवाखाना थाटून आजोबा, सून आणि नातू अशा तिन्ही पिढ्यांची नाडी पाहणारा डॉक्टर बहुधा यांच्यातलाच असे. ‘फॅमिली मेडिसिन’ हे नाव त्याने ऐकले नसेल. त्याचे रोजचे काम मात्र तेच होते.

1943 मध्ये सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य सर्वेक्षण आणि विकास समिती नेमली गेली. भोर मूळचे नाशिकचे. 1946 च्या अहवालात समितीने सुचवले, की देशात एकाच प्रकारचा ‘मूलभूत डॉक्टर’ घडवावा आणि पदविकेचा अभ्यासक्रम थांबवावा. डॉक्टरांची एवढी टंचाई असताना हे परवडेल का, म्हणून काही सदस्यांनी असहमतीही नोंदवली. बदलाचे वारे आधीच वाहत होते. पुण्याच्या शाळेचे 1946 मध्ये महाविद्यालय झाले आणि 1947 मध्ये नागपूरला वैद्यकीय महाविद्यालय आले.

समितीचा हेतू उदात्त होता. खेड्यातल्या माणसाला दुय्यम दर्जाचा डॉक्टर का मिळावा, या प्रश्नाला आजही सरळ उत्तर नाही. नव्या डॉक्टरने ‘सामाजिक वैद्य’ व्हावे, यासाठी प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षणही समितीने सुचवले. पुढे महाविद्यालयांत त्या विषयाचे स्वतंत्र विभाग झाले आणि खेड्याची जबाबदारी त्यांच्याकडे गेली.

इथेच एक फाळणी झाली. या विभागाने विद्यार्थ्याला विहिरीचे पाणी तपासायला, लसीकरणाचे प्रमाण काढायला, घरोघरी जाऊन तक्ते भरायला शिकवले. ते आवश्यकच होते. पण ताप, खोकला, पोटदुखी, बाळंतपण यांवरचे उपचार शिकवणारे प्राध्यापक शहरातल्या इस्पितळाच्या वॉर्डात राहिले. खेड्यात विद्यार्थी मोजायला शिकला आणि बरे करायला शहरात शिकला. दोन्ही कामे एकाच दवाखान्यात करणारा जुना डॉक्टर अभ्यासक्रमाच्या बाहेरच राहिला.

ही फट बुजवण्याचा एक गंभीर प्रयत्न आपल्याच भूमीत झाला. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 1969 मध्ये, डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. नवे विद्यार्थी आधी काही दिवस आश्रमात राहतात. मग प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, तिथे शिबिरात मुक्काम करते आणि विद्यार्थ्यांना काही कुटुंबे नेमून दिली जातात. त्याच घराच्या उंबऱ्यावर पुन्हा पुन्हा गेल्यावर आजाराच्या मागचे कर्ज, नापिकी, दारू, सासुरवास दिसू लागतो. वॉर्डातल्या खाटेवर यातले फारसे काही दिसत नाही.

सेवाग्रामचा अनुभव देशभर नेणे सोपे नव्हते. 1975 मध्ये श्रीवास्तव समितीने वैद्यकीय शिक्षणाची दिशा समाजाकडे वळवण्याचा आग्रह धरला. त्यातून 1977 मध्ये ‘रोम’ योजना आली : प्रत्येक महाविद्यालयाने तीन विकासगटांची जबाबदारी घ्यायची, विद्यार्थ्यांसह प्राध्यापकांनीही प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचे, सोबतीला फिरते दवाखाने. शिक्षकाने खेड्यात जावे, हे या योजनेत प्रथमच देशपातळीवर मान्य झाले. पण प्राध्यापकाची बढती, प्रतिष्ठा आणि परीक्षा शहरातच राहिली. योजना कागदावरून पूर्णपणे उतरलीच नाही.

आंतरवासितेतील ग्रामीण मुक्कामाची मग काय गत झाली, हे अनेक घरांतल्या डॉक्टर मुलामुलींना ठाऊक आहे. केंद्रावर शिकवणारे कोणी नसेल, तर ते दिवस पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेच्या अभ्यासाला बरे, असा साधा हिशेब होतो. त्यासाठी मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही.

खेड्यात शिकण्यासारखे काही नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. 1970 च्या दशकात नागपूरचे पदवीधर डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले दगावत. त्यांनी रुग्णांच्या उशाशी रात्री काढून निरीक्षणे टिपली, पुढे रक्तदाबावरचे प्रॅझोसिन हे औषध वापरून मृत्यू झपाट्याने कमी केले आणि ‘लॅन्सेट’ने ते काम छापले. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. पुढे शिकलेसवरलेले लोक तिथे येऊन त्यांच्याकडून धडे घेऊ लागले. खेड्याजवळ ज्ञान होते. त्याला अध्यापनाचा दर्जा नव्हता.

तो दर्जा देता येतो, हे बाहेरच्या दोन प्रयोगांत दिसते. डॉक्टरांची वाण असलेल्या गावांसाठी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाने 1971 मध्ये तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना नऊ महिने छोट्या गावातल्या डॉक्टरच्या हाताखाली ठेवायला सुरुवात केली. दक्षिण ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स विद्यापीठाने 1997 मध्ये रिव्हरलँड भागात काही विद्यार्थ्यांचे अख्खे वर्ष ग्रामीण दवाखान्यांत काढले. परीक्षेत ते मोठ्या इस्पितळात शिकलेल्या सोबत्यांपेक्षा कमी पडले नाहीत. दोन्हीकडे गावातला डॉक्टर विद्यापीठाचा मान्य शिक्षक होता. गरोदर बाईला पहिल्या तपासणीपासून बाळंतपणापर्यंत आणि नंतर बाळाच्या लसीपर्यंत एकाच विद्यार्थ्याने पाहावे, हे अशा मुक्कामातच शक्य होते.

आपल्याकडे तशा डॉक्टरची जागा दरम्यान मुख्यतः आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या पदवीधरांनी भरली, एम.बी.बी.एस. विद्यार्थ्याने त्यांच्याकडे शिकायला जावे, अशी व्यवस्था नाही. फॅमिली मेडिसिनची एम.डी. पदवी कोझिकोडच्या शासकीय महाविद्यालयात सुरू व्हायला 2010 नंतरचे दशक उजाडले. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने पहिल्या वर्षापासून कुटुंब दत्तक घेण्याचा उपक्रम आणला. सेवाग्रामची कल्पना आता देशभर पोचते आहे आणि त्याचे स्वागत व्हावे. पण तो सोपवला आहे पुन्हा त्याच एका विभागाकडे. दत्तक घरातल्या म्हातारीचा गुडघा दुखतो, तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने विचारायचे कोणाला? तालुक्याच्या गावी तीस वर्षे दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला मानधन आणि अध्यापकाची मान्यता देऊन त्याच्याशेजारी या मुलाला खुर्ची दिली, तर 1946 मध्ये तुटलेला धागा पुन्हा जोडता येईल. त्याला नवी समिती लागणार नाही.