धूर नसलेला अग्नी : घरातल्या रेडॉनची गोष्ट

मागच्या वेळी अनुमानावर बोलताना आपण डोंगर, धूर आणि अग्नी हे न्यायशास्त्रातलं जुनं उदाहरण घेतलं होतं. तेव्हा एका श्रोत्यांनी विचारलं, "सर, धूरच निघत नसेल तर?" वेळ संपली होती, म्हणून आम्ही तो प्रश्न आजवर ठेवला.

डिसेंबर १९८४. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात वीजनिर्मिती अजून सुरू व्हायची होती. तिथे स्टॅन्ली वॉट्रस नावाचे अभियंता होते. ते दारावरच्या किरणोत्सार तपासणी यंत्रातून गेले की घंटा वाजायची. रोज. केंद्रात काही सापडेना. मग एके दिवशी सकाळी ते आत शिरले आणि कामाला न जाता तिथूनच वळून यंत्रात उभे राहिले. घंटा वाजली! आम्ही वर्षानुवर्षं कार्यकारणभाव शिकवला, पण इतका नेटका प्रयोग आम्हाला फळ्यावर कधी मांडता आला नाही. केंद्राचा संबंध संपला. कपड्यांना चिकटलेलं जे काही होतं ते घरून येत होतं.

घरातली हवा मोजली तर रेडॉन निघाला लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी. अमेरिकेत आज ४ ला उपाय करा म्हणतात. म्हणजे पावणेसातशे पट. वॉट्रस यांनी बायकामुलांसह घर सोडलं. आणि शेजारच्या घरात? जवळपास काही नाही.

आता हा रेडॉन येतो कुठून? जमिनीतल्या युरेनियमपासून रेडियम, रेडियमपासून हा वायू. रंग नाही, वास नाही. अर्धायुष्य ३.८ दिवस, म्हणजे फटीतून घरात शिरायला पुरेसा वेळ. त्यापासून तयार होणारे पोलोनियमसारखे कण फुप्फुसात बसतात. जर्मनीतल्या श्नेबर्गच्या खाणकामगारांना शतकानुशतकं छातीचा रोग व्हायचा. तो फुप्फुसाचा कर्करोग आहे हे १८७९ मध्ये हार्टिंग आणि हेस या डॉक्टरांनी दाखवलं. पण ते खाणीतलं. कोलोरॅडोत घरं बाधित झाली तीही युरेनियम गिरणीचा गाळ भरावाला वापरल्यामुळे. म्हणजे दोष माणसाचा. वॉट्रस यांच्या बाबतीत बोट दाखवायला कोणीच नाही! घर 'रीडिंग प्राँग' नावाच्या खडकपट्ट्यावर होतं, एवढंच. ज्याचा दोषी सापडत नाही त्याचं निवारण कोणी करायचं, हा खरा पेच. १९८८ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा केला आणि घरातली हवा बाहेरच्या हवेइतकीच रेडॉनमुक्त असावी असं ध्येय ठेवलं. आम्हाला ते जरा जास्तच वाटतं, पण असो.

उपाय मात्र साधा निघाला. फरशीला भोक पाडून पाइप घालायचा, पंख्याने खालची हवा ओढून छपराच्या वर सोडायची. वॉट्रस कुटुंब दुरुस्तीनंतर काही महिन्यांत त्याच घरात परतलं.

तोच खडकपट्टा पुढे न्यू जर्सीत जातो. तिथे घर घेतलेल्या आपल्या मंडळींनी तळघरात तो पांढरा पाइप पाहिला असेल. त्यावर यू आकाराच्या नळीत रंगीत पाणी असतं. दोन्ही बाजू समपातळीत आल्या की पंखा बंद पडला असं समजायचं. हा झाला आपला धूर! पण त्या नळीवरून कळतं फक्त पंखा ओढतोय की नाही. रेडॉन किती, ते नाही. त्यासाठी कोळशाची डबी खिडक्या-दारं मिटून दोन-तीन दिवस ठेवायची आणि प्रयोगशाळेत पाठवायची. पाइप बसवला असला तरी दर दोन वर्षांनी.